ओंजळ करा, साहेब

"ओंजळ कर," ती म्हणाली.

मी ओंजळ केली. तिने लोटा उंच धरला आणि वरून धार सोडली. माझ्या हाताला लोट्याचा काठ लागू नये इतका उंच. बंगल्याच्या मागची बाजू. भांडी घासायची मोरी. मे महिना, आणि नागपूरचं ऊन, जे डोक्यावर पदर घेतला तरी मेंदूत शिरतं. आमच्या वस्तीपासून धंतोलीपर्यंत आम्ही तिघी चालत आलो होतो. घसा सुकून लाकूड झाला होता. म्हणून मी वाकले, आणि प्यायला लागले.

मोरीच्या वर खिडकी होती. खिडकीच्या आत पंखा फिरत होता आणि पाहुणे हसत होते. घरमालकाचा आवाज मी लगेच ओळखला. चार महिन्यांपूर्वी हाच आवाज माझ्या घरात, माझ्या बाजेवर बसून बोलला होता.

"त्या वस्तीचं फार सोपं आहे हो," तो सांगत होता. "तिथे काही द्यावं लागत नाही. त्यांच्या घरी बसून एक गिलास पाणी प्यायचं. बस. गठ्ठा मतं."

"आणि मग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय, घरी येऊन आंघोळ."

सगळे हसले. घरातली बाईही हसली असावी, आत बांगड्या वाजल्या.

मी ओंजळ उघडली. पाणी फरशीवर पडलं. लोटा धरलेली बाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती, आमच्याच मुलखातली. ती म्हणाली, "सांडलं काय वं?"

"नाही. सोडलं," मी म्हणाले.

आता ते चार महिन्यांपूर्वीचं सांगते. आणीबाणीच्या आधीची गोष्ट आहे.

आमची वस्ती दीक्षा घेतलेल्यांची. माझी सासू मौद्याकडच्या खेड्यातली. लहानपणी ती विहिरीपासून दूर, पाण्याची रिकामी गुंडी घेऊन उन्हात बसायची. कोणी वरच्या जातीची बाई येईल, तिला दया येईल, ती वरून ओतेल. कधी यायची, कधी यायची नाही. दीक्षा घेतली, गाव सोडलं, नागपुरात आली, पण ते वाट बघणं तिच्या अंगातून गेलं नाही. तिच्या वयाच्या सगळ्यांचं तसंच होतं. म्हणून आमच्या वस्तीत एक रीत पडली. मत मागायला जो येईल त्याला पाणी द्यायचं. तो प्यायला तर तो आपला. "नको नको, आताच पिऊन आलो" म्हणाला, तर जय हिंद, पुढचं घर बघा.

ही परीक्षा वाईट नव्हती. भलेभले त्यात नापास झाले. मोठी मोठी भाषणं करणारे, समतेवर घसा फोडणारे, गिलास पुढे आला की हात जोडून उभे राहायचे. आमची म्हातारी माणसं मग गालात हसायची.

हा मात्र प्यायला. लोक त्याला भाऊसाहेब म्हणत. वकील होता, कार्पोरेशनच्या निवडणुकीला उभा होता. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणून पहिला आमच्याकडे शिरला. बाजेवर बसला आणि आम्ही विचारायच्या आधी स्वतःच म्हणाला, "माय, पाणी दे."

सासू लगबगीने उठली. तिने गिलास राखेने घासला, पुन्हा घासला, आणि दिला. तो घटाघटा प्यायला. बाहीने तोंड पुसलं. म्हणाला, "अजून दे." सासू चुलीमागे जाऊन रडली. मीही रडले. इतवारीत आडतीवर मी धान्य निवडायची, गव्हातला खडा मला लांबून दिसायचा. हा खडा दिसला नाही.

तो गेल्यावर सासूने तो गिलास धुऊन फळीवर ठेवला. वेगळा. त्यातून घरात कोणी प्यायचं नाही. जन्मभर जिला वेगळ्या भांड्याने जाळलं, तिने आपल्या हाताने एक भांडं वेगळं केलं. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

आम्ही त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. नळ. वस्तीत एक विहीर, तिचं पाणी मचूळ. पिण्याचं पाणी रेल्वे लाइनीच्या पल्याड, मिलच्या चाळीच्या नळावर. तिथल्या बाया आधी आपलं भरायच्या, मग आम्हाला शिव्या देत जागा द्यायच्या. अख्खी सकाळ त्यात जायची. मी सकाळी आडतीवर नाही गेले तर चूल पेटत नव्हती. म्हणून माझी मोठी पोर तिसरीतून काढली आणि रांगेत उभी केली. पोरगी हुशार होती. पाटी सोबत घेऊन जायची नळावर. मग एक दिवस पाटी न्यायची बंद झाली.

नळ आला की तिला पुन्हा शाळेत घालायची, हे माझं ठरलं होतं. भाऊसाहेब म्हणाला होता, "निवडून आलो की पहिला नळ तुमचा." तो निवडून आला. नळ आला नाही. म्हणून आम्ही तिघी त्या उन्हात त्याच्या बंगल्यावर गेलो होतो.

थोड्या वेळाने तो मागच्या दारात आला. हात जोडलेले. "अरे वा, माय कशी आहे आपली?" म्हणाला. तोंडातून नुसती साखर. "नळाचं झालंच समजा."

माझ्या पायाशी अजून फरशी ओली होती. मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. थुंकले नाही. म्हटलं, याला एवढ्यावर सोडायचं नाही.

घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. तिने ऐकूनच घेतलं नाही. "तो पाणी पेला वं," ती म्हणाली. "माह्या डोयानं पाह्यलं. पाणी पेलेला माणूस खोटं कसा बोलन?"

"आत्याबाई, घरी जाऊन आंघोळ केली त्यानं."

"तुह्या ऐकण्यात चूक झाली असन."

गिलास फळीवरच राहिला. रोज तो दिसायचा आणि मी तोंड फिरवायची.

मग आम्ही बाया नळाच्या रांगेत बोलायला लागलो. रांग लांब, वेळ भरपूर. याला नाही तर कोणाला? मध्ये आमदारकीची निवडणूक आली, तेव्हा आपल्याच वस्तीतला एक पुढारी उभा राहतो म्हणाला. आम्ही त्याच्यासाठी भिंती रंगवल्या. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी त्याने अर्ज मागे घेतला, आणि पावसाळ्याच्या आत त्याला रॉकेलचं दुकान मिळालं. घरचाच भेदी. त्याच्याही घरचं पाणी आम्ही प्यायलो होतो आणि त्याने आमचं. पाण्याने काहीच कळत नव्हतं.

कार्पोरेशनची एक दाई होती. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातची. जातीने कोष्टी. रिटायर झाली तरी यायची. कोणाची बाळंतीण अडली की धावायची, आणि आमच्या नळासाठी कार्पोरेशनच्या साहेबांशी भांडायची. निवडणूक असो नसो. पण म्हातारी माणसं तिच्याकडे संशयाने बघायची, कारण ती कधी कोणाच्या घरी पाणी प्यायली नाही. सासू म्हणायची, "तिच्याही पोटात जात आहे."

एकदा मी तिला तोंडावर विचारलं. "बाई, तुम्ही आमच्या घरचं पाणी काहून पीत नाही?"

ती म्हणाली, "तुही पोरगी ते पाणी कुठून आणते, मी पाहून राहिली ना रोज. एक गिलास पेली तर तितकं तिले जास्त आणा लागते. मी घरून पिऊन येतो वं."

वीस वर्षं आम्ही माणसं पारखत होतो आणि परीक्षाच उलटी होती. जो प्यायला तो लुटारू. जी नाही प्यायली, तिला आमच्या पोरीच्या मानेवरचं वजन माहीत होतं.

पुढच्या निवडणुकीला आम्ही दाईलाच उभी केली. जीप नाही, भोंगा नाही. थाळ्या वाजवत फिरलो.

तोवर मध्ये बरीच वर्षं गेली होती. पुन्हा निवडणूक, ऐन उन्हाळ्यात. आणि पुन्हा भाऊसाहेब. या वेळी फोटोवाला सोबत होता. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. तो आत शिरला, त्याच बाजेवर बसला आणि तसाच हसून म्हणाला, "माय, पाणी दे."

सासू उठली. तिचा हात फळीवरच्या गिलासाकडे गेला.

मी मध्ये उभी राहिले. "पाणी नाही."

बाहेरची गर्दी दारापाशी सरकली. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी नाकारत नाहीत. आणि ज्यांना जन्मभर नाकारलं ते तर नाहीच नाही. सासू हात जोडून मला म्हणाली, "असं नको करू वं. मागून राहिला तो."

"पोरगी आणाले गेली आहे, लाइनीच्या पल्याड," मी म्हणाले. "येईपर्यंत बसा, साहेब. आम्ही रोजच बसतो."

तो बसला. घाम पुसला, घड्याळ बघितलं. त्याचा एक माणूस शेजारच्या घरी गेला. "पाणी नाही." त्याच्या पुढच्या घरी. "पाणी नाही." बायांनी रांगेत ठरवलंच होतं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याचे ओठ सुकताना मी बघत होते आणि मला थंड वाटत होतं.

मग माझी पोर आली. डोक्यावर गुंडी, मान ताठ, झंपर भिजलेला. चौदा वर्षांची झाली होती. गुंडी मी उतरवून घेतली, लोटा भरला आणि उंच धरला.

"ओंजळ करा, साहेब."

मला वाटलं, उठेल, चिडेल, शिवी देईल. वस्ती त्याचं खरं तोंड बघेल. त्याने इकडे तिकडे बघितलं. फोटोवाल्याकडे बघितलं. आणि ओंजळ केली. हसत. मान थोडी तिरपी, फोटो नीट यावा म्हणून.

तेव्हा मला हा माणूस पुरता कळला. याला अपमान लागतच नाही. मतासाठी हा मोरीचंही पाणी पिईल आणि घरी जाऊन आंघोळ करील. मला जिथे जळलं होतं, तिथे त्याला काहीच नव्हतं. माझा सूड त्याच्यासाठी एक फोटो होता.

मी लोट्यातलं पाणी परत गुंडीत ओतलं. गुंडीवर झाकण ठेवलं.

"पाणी नाही," मी पुन्हा म्हणाले. "आणि मतही नाही."

तो कोरडी ओंजळ घेऊन बसला होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. 'मतही नाही' ऐकल्यावर मात्र भाऊसाहेबाचं हसू गेलं. तेवढं एकच त्याला लागलं. उठता उठता तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हा लोकांचं पाणी पिऊनही काही उपयोग नाही." हे सासूने ऐकलं. तिच्या अगदी कानाजवळ बोलला तो.

तो गेल्यावर सासूने फळीवरचा गिलास काढला, गुंडीत बुडवला आणि माझ्या पोरीला दिला. "पे वं बाई," म्हणाली. "थकली असशीन."

आमच्या वस्तीची मतं दाईला पडली. बाकीच्या वॉर्डात त्याने काय काय वाटलं देव जाणे. दाई हरली. तो जिंकला. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून मुद्दाम नेली, आमच्या दारासमोर फटाके लावले. दुसऱ्या दिवशी दाई आली, घरून पाणी पिऊन. पुन्हा उभी राहणार का विचारलं, तर म्हणाली, तुम्ही थाळ्या वाजवता तोवर. नळ आजही नाही.

जिंकू दे. त्याला पुन्हा याच गल्लीत यावं लागेल, कारण मतं इथेच आहेत. दारात मी असेन. मी मेले तर माझी पोर असेल. तिची शाळा त्याने खाल्ली, तिला आता धड सही येत नाही. पण त्याचं तोंड तिला पाठ आहे.