घराण्याची टाच

माझे दाजी बूट शिवायचे आणि फार चांगले शिवायचे. एवढं कौतुक आधीच करून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

त्यांच्या घरातल्या पुरुषांना टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेवर, टणक गाठ असायची. तयार बूट तिथे चावायचा. म्हणून दाजींच्या वडिलांनी घरच्यांसाठी वेगळे लाकडी साचे कोरले होते, गाठीसकट. ते वडील आणि दाजींचे थोरले भाऊ, दोघेही पन्नाशी गाठायच्या आत छाती धरून गेले, तेही कामावर बसल्या जागी. ‘‘आमच्यात माणूस काम करता करता जातो,’’ असं दाजी मिरवत सांगायचे. गाठीला ते ‘घराण्याची टाच’ म्हणायचे.

माझ्या ताईला दोन मुलगे. धाकट्याला विशीतच गाठ आली, तेव्हा दाजींनी त्याचा साचा कोरून गल्लीभर दाखवला. थोरल्याची टाच सपाटच राहिली. आधी चेष्टा झाली, मग टोमणे, मग लाजच सोडली. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना दाजी थोरल्याचा पाय हातात धरून म्हणायचे, ‘‘हा आमच्या साच्यात बसत नाही. कुठल्या साच्यातला आहे ते आमच्या हिलाच ठाऊक.’’ गिऱ्हाईक खो-खो हसायचं. ताई आतल्या दारात कपड्यांच्या घड्या घालत असायची. माझे हात शिवशिवायचे, पण ती डोळ्यांनीच दटावायची. शेवटी थोरला घर सोडून गेला आणि बस चालवू लागला.

मग एकदा दाजींच्याच छातीत दुखलं. मी आणि ताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बुबुळाभोवतीचं पांढरट कडं पाहिलं, टाचेवरची गाठ दाबली, रक्त तपासलं.

‘‘हा आजार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच नीट बाहेर पडत नाही. ते हृदयाच्या नळ्यांत साठतं, टाचेतही साठतं. घरातले लवकर गेले ते यानेच. रोज गोळी घ्या, आयुष्यभर. आणि मुलांचं रक्त तपासा. प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी.’’

ताईने हळूच विचारलं, ‘‘म्हणजे ह्यांचंच मूल असून गाठ नाही, असं होऊ शकतं?’’

‘‘होतंच की. रक्तातही काही निघालं नाही, तर ते मूल सुटलं म्हणायचं.’’

ताईने दाजींकडे पाहिलं. दाजी पंख्याकडे बघत राहिले.

आजार मान्य केला तर इतक्या वर्षांचं बोलणं गिळावं लागणार होतं, आणि दाजी स्वतःची थुंकीसुद्धा गिळणाऱ्यातले नव्हते. घरी येताच त्यांनी धाकट्याला बजावलं, ‘‘रक्त-बिक्त काही तपासायचं नाही. आपली टाच म्हणजे रोग? मग तो सपाट टाचेचा बरा आणि आपण आजारी?’’

ताईने हातापाया पडून सांगितलं, मी कानीकपाळी ओरडलो. धाकटा स्वतः एका मुलीचा बाप झाला होता, तरी बापाचा लाडका, त्याला काय पटणार! ‘‘मामा, बाबा एक गोळी घेत नाहीत, तरी ठणठणीत आहेत ना?’’

होतेच ठणठणीत. का, ते पुढे कळलं.

एका दुपारी धाकटा आरी हातात घेऊन बसला होता तो घामाने डबडबला. उठताना त्याने फळीचा आधार घेतला आणि फळीसकट खाली आला. त्याच्याबरोबर तळ चिकटवायच्या सोल्युशनचा एक जुना डबाही पडला आणि त्यातून गोळ्यांची पाकिटं जमिनीवर पसरली. निम्मी रिकामी होती. ताई आतून धावत आली, तेव्हा दाजी गुडघ्यांवर होते. पोराला उचलायला नाही, पाकिटं गोळा करायला.

दवाखान्यात पोचायच्या आत धाकटा गेला.

थोरला परत आला तो कुणी न बोलावता. त्याने स्वतःचं रक्त तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही. मग भावाच्या मुलीला नेलं. तिच्यात निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘वेळेत सापडली, आता सांभाळून वाढवा. गोळी कधी सुरू करायची ते मी सांगते.’’

ते घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. थोरला खाली बसून पुतणीच्या सँडलचा पट्टा सोडवत होता. दाजी कितीतरी वेळ त्याच्या टाचेकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, ‘‘तू माझाच आहेस रे.’’

थोरल्याने मान वर केली नाही. ‘‘ते मला नका सांगू. आईला सांगा.’’

दाजींनी ताईकडे पाहिलं. मग पुन्हा थोरल्याच्या टाचेकडे. ताई उठली, तो सोल्युशनचा डबा घेऊन आली. तो तिने घासूनपुसून ठेवला होता. त्यातून एक गोळी काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘चुकवायची नाही. तुम्हाला पुष्कळ जगायचंय.’’