मोकळ्या रकान्याचे मामा

आमच्या हिच्या मामांइतका आकड्यांवर जीव लावलेला माणूस उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याचंही लग्न राहून गेलं असणार. मामा एका कचेरीत आकडेवारीचं काम करायचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत पाऊस सोडून बाकी पाहण्या उदंड झाल्या. गावोगावची माहिती आकड्यांत भरून आम्ही पुण्याला पाठवायचो. तिथल्या कॉम्प्युटरवर संख्याशास्त्राचा एक प्रोग्रॅम होता. त्यानं केलेला हिशेब, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदांचा गठ्ठा होऊन, एस.टी.नं परत यायचा. एक टिंब राहिलं तरी पंधरा दिवस फुकट. म्हणून या प्रोग्रॅमचे रुसवेफुगवे एकमेकांना सांगायला आम्ही चार-पाच जण रविवारी स्टँडजवळच्या हॉटेलात जमायचो. कॉलेजचे एक प्राध्यापक, दूध संघाचे कारकून, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातला मी, आणि आमचे म्होरके मामा.

मामांनी तो प्रोग्रॅम अंगात मुरवून घेतला होता. आज्ञेच्या शेवटी टिंब लागतं, म्हणून ते हॉटेलातल्या पोऱ्यालाही "चार चहा, एक बिनसाखरेचा, टिंब" असं सांगायचे. लग्नात जेवण कसं झालं विचारलं, तर वधूपित्याच्या तोंडावर "पाचपैकी तीन" म्हणून मोकळे व्हायचे. पण त्यांचा सगळ्यात लाडका सल्ला एकच होता. "जावईबापू, ठाऊक न्हाय म्हंजे शून्य न्हवं. मापता आलं न्हाय तर रकाना मोकळा ठिवा. प्रोग्रॅम त्याला वगळून म्होरं जातो." हे ते इतक्या प्रेमानं सांगायचे की पाहणीला जाणाऱ्या पोरांनाही ते तोंडपाठ झालं होतं.

आमच्यात एक रीतही त्यांनीच पाडली होती. ज्याची चूक होईल त्यानं ती सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, आणि बाकीच्यांनी पोटभर हसायचं. एकदा दूध संघाच्या कारकुनांचे आकडे एका रकान्यानं सरकले आणि कागदावर साठ बैल बाळगणारा दोन वर्षांचा शेतकरी निघाला. मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि पुढं कित्येक दिवस त्या शेतकऱ्याला मुलगी बघत होते.

मग विहिरींची पाहणी आली. पाण्याची खोली मोजून भरायची होती. पोरं कोरड्या विहिरीपाशी गेली, मापायला पाणीच नाही म्हणून त्यांनी रकाना मोकळा ठेवला. प्रोग्रॅमनं कोरड्या विहिरी वगळल्या आणि जिथं पाणी होतं तेवढ्यांचीच सरासरी काढली. बेंबळीच्या पुढच्या एका गावात पाणी पुरेसं आहे असं ठरलं आणि टँकर दुसरीकडे गेले. त्या गावात मामांची थोरली बहीण राहायची. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. तळाशी साठणारं पाणी वाटीनं भरायला त्या विहिरीत उतरल्या आणि पायरीवरून पडल्या. कमरेचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही.

पुढच्या रविवारी मामा आले. गठ्ठा उलगडून त्यांनी त्या गावाची ओळ वाचली. "कोरड्या हिरी मोकळ्या ठिवा असं म्याच शिकवलं. तिथं शून्य पायजे व्हतं." कुणी हसलं नाही. मामांनी थोडा वेळ आमच्याकडं पाहिलं आणि कागद घडी घालून ठेवला.

मामा स्वतः दोर घेऊन गेले, प्रत्येक विहीर मोजली आणि टँकर आणला. आमची ही त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. अक्काच तिला म्हणाल्या, "त्याला बोलू नगं. त्यानं कुठं मला ढकललं?" नोकरी संपल्यावर मामा अक्कांकडेच राहायला गेले.

काही वर्षांनी आमच्या कारखान्यात छोटा कॉम्प्युटर आला, तोच प्रोग्रॅम घेऊन. मामांना बोलवायला मी मोठ्या हौसेनं गेलो. तोवर गावात दारोदारी नळ आले होते. अक्का उंबऱ्यात काठी धरून बसल्या होत्या आणि मामा घागर खांद्यावर घेऊन येत होते. "मला जमतंय म्हणलं तरी ऐकत न्हाय," अक्का म्हणाल्या.

मी कॉम्प्युटरचं सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही व्हा म्होरं, जावईबापू. अक्काचं पाणी व्हायचंय अजून."

रांजण काठोकाठ भरलेला मला दिसत होता. मामांनी घागर त्यात ओतली, पाणी ओसरीवर सांडलं, आणि ते पुन्हा नळाकडं गेले. मी आग्रह केला नाही.