येताना ताट सोबत आणावं

वाढदिवसाचा कचरा कमी करायला गेलं की किस्से वाढतात. कचरा निदान कचरागाडी घेऊन जाते, किस्से मात्र घरातच राहतात. आमच्याकडे या वर्षीचे बरेच साचले आहेत.

माझी धाकटी बहीण ओवी चार वर्षांची झाली. मागच्या वर्षी तिचा वाढदिवस सदर भागातल्या एका हॉलमध्ये केला होता. थर्माकोलचा किल्ला, छत झाकेल एवढे फुगे आणि हातात माइक घेतलेला एक दादा. त्यानं "ओवीच्या ताईसाठी जोरदार टाळ्या" म्हणत मला स्टेजवर नाचायला बोलावलं. मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. त्याचा व्हिडिओ आहे.

म्हणून या वर्षी मी जेवताना म्हटलं, वाढदिवस घरीच करू, प्लास्टिक न वापरता. पर्यावरणाचं कारण खरंच होतं. माइकचं मी सांगितलं नाही.

आई म्हणाली, "कर. पण पोरीचं तोंड उतरलं ना, तर पुढच्या वर्षी हॉल."

*

पहिला प्रश्न फुग्यांचा. मी ओवीला समजावलं की फुटलेले फुगे कचऱ्यात जातात, आणि तिथून ते गाईच्या पोटात जातात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

संध्याकाळपर्यंत तिनं अख्ख्या गल्लीत सांगितलं, "ताईनं माझे फुगे गाईले देऊन टाकले."

दोन दिवस मी दूध आणायला दुसऱ्या रस्त्यानं गेले.

*

फुग्यांऐवजी मी जुन्या वर्तमानपत्रांच्या पताका केल्या आणि दोरीला लावल्या. बाबा हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. बूट न काढता, मान वाकडी करून पताकांखाली उभे राहिले. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"या बातमीचं पुढचं कुठं आहे गा?" ते दोरी बांधणाऱ्या मामाला म्हणाले.

मामानं शोधून सांगितलं, "बाथरूमच्या दारावर."

बाबा तिकडे गेले.

*

मामाचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. भेटवस्तूला चकचकीत कागद नको, असं मी त्याला आधीच कळवलं होतं. त्यानं स्टीलचा डबा आणला, कागदात न गुंडाळता. मला फार बरं वाटलं.

नंतर त्याच्या स्कूटरची डिकी उघडी दिसली. आत चमकीचा कागद, प्लास्टिकचं फूल आणि रिबीन होती.

"सवयीनं बांधला होता," मामा म्हणाला. "फाटकाबाहेर सोडला. तुह्या घरात आणला का मी?"

*

मेणबत्त्यांऐवजी कणकेचे चार दिवे केले. आई ओवाळायला लागली, तर ओवीनं चारही फुंकले. शेजारच्या कुंदाकाकूंनी कपाळाला हात लावला.

"दिवा फुंकू नाही वं, माय."

"मंग वाढदिवस कसा होईन?" ओवीनं विचारलं.

दिवे पुन्हा लावले. तिनं पुन्हा फुंकले. असं तीनदा झालं. मुलांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मामाच्या हिशोबानं ती आता बारा वर्षांची आहे.

*

खरी चूक माझ्या कार्डात होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहिलं होतं : "कृपया येताना एक ताट सोबत आणावं." कागदी प्लेटा टाळायच्या होत्या. दार वाजवून बोलायची मला लाज वाटते, म्हणून कार्डं दाराखालून सरकवली.

कुंदाकाकू ताट घेऊन आल्या. त्यात सांबारवड्या होत्या, कोथिंबीर भरलेल्या. मी ताटाकडे बघत राहिले.

"वाढदिवसाच्या घरी रिकामं ताट घेऊन येतात का वं?" त्या म्हणाल्या.

त्यांच्यामागून गुलाबजाम आले, मग आलुबोंडे, मग दहीवडे. चौदा घरांतून चौदा भरलेली ताटं. आमचा पुलाव, पुऱ्या आणि श्रीखंड तयार होतं, पण खायला एकही रिकामं ताट नव्हतं. आमची स्वतःची ताटं पातेल्यांवर झाकण म्हणून गेली होती.

बाबा म्हणाले, "कोपऱ्यावरून थर्माकोलच्या प्लेटा आणतो." आईनं माझ्याकडे पाहिलं. मला हॉल दिसायला लागला.

बाबांना चप्पल सापडेपर्यंत ओवी गुलाबजामच्या ताटापुढे मांडी घालून बसली होती. दोन खाल्ले आणि सरकून आलुबोंड्यांपुढे बसली. तिच्यामागे दुसरा मुलगा सरकला, त्याच्यामागे तिसरी मुलगी. थोड्या वेळानं मोठी माणसंही रांगेत बसली. एका ताटाशी दोन घास, की पुढे सरकायचं. ओवीचं तोंड उतरलं का, हे मी तीनदा जाऊन पाहिलं. पाकामुळे नीट दिसत नव्हतं, पण हसत होती.

सगळं संपल्यावर आईनं चौदा ताटं घासली. "रिकामं ताट परत कसं द्यावं?" म्हणत तिनं प्रत्येकात पुलाव, पुऱ्या आणि श्रीखंड वाढलं. पाहुणे भरलेली ताटं घेऊन गेले.

बाबांनी पातेल्यांवरची झाकणं एकेक करून उचलली. सगळी पातेली रिकामी होती.

"मंग आपण सकाळपासून रांधलं काहून?"

आई ओवीचा फ्रॉक भिजत घालत होती.

"पुढच्या वर्षी नाही रांधत," ती म्हणाली. "नुसती ताटं बोलावू."