फिलोमिनाबाईंची लाल ओळ

सोमवारी सकाळी वसईजवळच्या नंदाखाल गावच्या दवाखान्यात माझे हातपाय गार पडले... आणि मी तिथे पेशंट म्हणून गेलोच नव्हतो.

तिथला पेशंटांच्या नोंदींचा प्रोग्राम माझाच. बावीस वर्षांपूर्वी इलेक्ट्रिशियनची नोकरी सांभाळून, पुस्तकं चाळत, चुकत-माकत लिहिलेला. त्यातली ग्रिड, म्हणजे पडद्यावरचा उभ्या-आडव्या चौकटींचा तक्ता, माझ्या फार जिवाभावाची. ज्याला एखादं औषध चालत नाही त्याची ओळ लाल. इंजेक्शन देण्याआधी सिस्टरने तिथे नजर टाकायची, अशी तिथली रीतच पडली.

यंदा नवा कॉम्प्युटर आला आणि जुनी ग्रिड त्यावर उघडेचना. सगळा प्रोग्राम नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे नव्या तयार सांगाड्यावर, हलवणं आलं. बटणं-बिटणं लगेच सापडली, पण ग्रिडला जोड शोधण्यात महिना गेला... हरवलेल्या झाकणासाठी डबा घेऊन दुकानं पालथी घालावीत, तसं. शेवटी एक बसली.

वर एक सोय फुकटात. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की ओळी आपोआप नावाप्रमाणे लागतात! त्या दिवशी वसईच्या बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

सोमवार हा पहिला दिवस. सिस्टर नवीन, तरुण पोरगी. तिने 'नाव'वर क्लिक केलं, यादी झरकन लागली. "काका, एकदम झकास!" मी फुगलो...

तेवढ्यात फिलोमिनाबाई आल्या. केळीच्या वाडीत पायाला लागलेलं, चांगलंच चिघळलेलं. डॉक्टरही नवेच, त्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहून दिलं. सिस्टरने पडद्यावर पाहिलं. ओळ पांढरी. ती ट्रे घ्यायला वळली.

बाई काउंटरवरून आत वाकल्या. "थांब गं बाय. माझी ओळ लाल असते. आज पांढरी कशी?"

लाल होती... चार ओळी खाली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका आजोबांच्या नावावर.

जुन्या ग्रिडमध्ये ओळी कधी जागा सोडत नव्हत्या. म्हणून मी रंग माणसाला लावलाच नव्हता, ओळीच्या नंबराला लावला होता. नव्या ग्रिडमध्ये नावं हलली आणि लाल रंग आपला जुन्या जागी बसून राहिला. महिनाभर जोड शोधली मी, पण जुनी ग्रिड काय गृहीत धरून चालत होती ते एकदाही तपासलं नाही.

बाईंना पेनिसिलीन चालत नाही, म्हणून इंजेक्शन रद्द झालं, डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. मी तिथेच बसून लाल रंग प्रत्येकाच्या केसपेपर नंबराला बांधला. साधा एक शब्द तीनदा टाईप करावा लागला.

"काय ओ काका, माझा रंग त्या म्हाताऱ्याला देऊन टाकला?" बाई हसत होत्या. मला काही हसू येईना... जाताना त्यांनी पिशवीतून सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी काढून माझ्याच हातात ठेवली. म्हणाल्या, "खा, तोंड किती उतरलंय बघा."

इतकी वर्षं वाटायचं, ती ओळ मी सिस्टरसाठी लाल करतोय. दर खेपेला एक बाई वाकून आपली ओळ तपासून बघते, हे मला कधी दिसलंच नाही.

जीव तुमचा होता बाई... पण वाचलो मी.