वाळूतून लवकर काढलेला एक्सल

कॅस्मिर परेराच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलेलं होतं, आणि ते ऐकून ऐकून शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या निम्म्या गॅरेजवाल्यांचे कान किटले होते. "माझ्या हातचं वेल्डिंग आजवर परत आलेलं नाही." नाताळच्या जेवणात तो हे म्हणायचा, गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, वसईहून पाहुणा आला तर त्याला चहाच्या आधी हे वाक्य मिळायचं. बरं, माणूस थापा मारत नव्हता. सव्वीस वर्षांत एकही एक्सल तक्रार घेऊन त्याच्या दारात आला नव्हता.

त्याची पद्धतही तशी होती. एक्सलचा मधला गोळा बिडाचा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या पोलादाच्या. या दोघांना जोडायचं तर बीड आधी हळूहळू तापवावं लागतं, आणि जोडल्यावर त्याहून हळू निववावं लागतं. घाई केली की ते आतल्या आत तडकतं आणि बाहेर कळूही देत नाही. म्हणून कॅस्मिर गरम गोळा लाकडी पेटीतल्या कोरड्या वाळूत पुरून ठेवायचा, पुरा एक दिवस. वाळू काय, या देशात फुकट. दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढायचा, पंच घेऊन नळीवर पाच ठिपक्यांचा छोटा क्रॉस ठोकायचा आणि मगच गिऱ्हाइकाला फोन करायचा.

अस्मी त्याच्याकडे आली ती मोडका एक्सल पिकअपखाली तसाच ठेवून, गाडी ट्रकवर लादून. अल मजाजमध्ये वाढलेली, सत्तावीस वर्षांची, अबुधाबीत नोकरीला, आणि सुट्टी लागली की वाळूच्या टेकड्यांवर. पिकअपमध्ये सातशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं होतं आणि मागचा एक्सल मात्र कंपनीचाच. चढावर जोर लावला आणि आतला दांडा काडीसारखा पिळून तुटला.

"अंकल, गिव्ह मी द बिगेस्ट वन. मोठ्या ट्रकचा बसवा, खलास."

"मोठा बसवला की झालं काय?" कॅस्मिर उखडला. "वजन कोण उचलणार? तुझा बाप? गोळा एवढा खाली लोंबेल की वाळूत नांगर धरल्यासारखी गाडी चालेल. तुला मधला पाहिजे. पाऊण टनी ट्रकचा. दांडे जाड, गोळा आटोपशीर. नळ्या मी कापून तुझ्या मापाच्या करतो."

"विल इट होल्ड?"

"माझ्या हातचं वेल्डिंग," कॅस्मिरने सुरुवात केली, आणि अस्मीने हसत हात जोडले. तिलाही ते वाक्य पोचलं होतं.

मग दोघं मुझम्मिलच्या यार्डात गेले. मुझम्मिल भंगारातल्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग विकायचा आणि कॅस्मिरचा जुना दोस्त होता. त्याने पत्र्याच्या शेडमागे चार-पाच एक्सल दाखवले. दोन कॅस्मिरने नुसत्या नजरेनेच बाद केले. तिसरा सगळ्यांत खाली, धुळीत रुतलेला होता. माप बरोबर वाटलं म्हणून त्याने तारेच्या ब्रशने नळी घासली.

ब्रशखालून पाच ठिपके वर आले.

"अरे! हा माझाच!" कॅस्मिर इतक्या जोरात ओरडला की अस्मी दचकली. मोठ्या ऐटीत त्याने पुढे घासायला घेतलं. क्रॉसच्या शेजारी एक अक्षर निघालं. वाकडातिकडा, पोट सुटलेला इंग्रजी डी. कॅस्मिरचा हात थांबला. हा डी त्याने ठोकला नव्हता. त्याच्या मेव्हण्याने, डेरिकने, पंच हिसकावून घेऊन हौसेने स्वतःचं अक्षर ठोकलं होतं. पण डेरिकने तर हा एक्सल बसवलेली आपली पिकअप नऊ वर्षांपूर्वी अबुधाबीच्या कुणाला तरी विकली होती. चांगल्या किमतीला गेली म्हणून त्याने सगळ्यांना मिठाईही वाटली होती.

त्याने एक्सल उलटा केला. वेल्डिंगच्या टाक्यापासून निघालेली भेग बिडाच्या गोळ्यात वीतभर आत गेली होती, आणि नळी गोळ्यातून अर्धी उपटून बाहेर आली होती.

"वो मत लो, कास्मिर भाई," मुझम्मिल मागून म्हणाला. "वो तो नौ साल से पड़ा है। रेत पे गाड़ी पलट गई थी। चलानेवाले का पैर फँस गया था, सुना है।"

कॅस्मिर तिथेच एका टायरवर बसला. पाय. डेरिकचा डावा पाय. नऊ वर्षं लंगडत चालणारा डेरिक, जो हॉटेलच्या किचनमध्ये ओल्या फरशीवर घसरला होता. कॅस्मिर स्वतः त्याला हॉस्पिटलात भेटायला गेला होता, नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण घेऊन. आणि पलंगाशी उभं राहून त्याने डेरिकला झापलंही होतं, की तुझे बूट गुळगुळीत, तुझंच लक्ष नसतं, माणसाने आपलं काम नीट करावं. डेरिक गप्प ऐकून घेत होता. हे आठवत कॅस्मिरने खिशातून फोन काढला आणि त्या डीचा, भेगेचा फोटो घेतला.

"अंकल, आर यू ओके?" अस्मीने विचारलं.

"आज नको," एवढंच तो म्हणाला.

डेरिक अजमानला राहायचा. कॅस्मिर तिथवर गाडी कशी घेऊन गेला ते त्यालाच ठाऊक. दार डेरिकनेच उघडलं. कॅस्मिरने फोनवर तो फोटो उघडून टेबलावर ठेवला. डेरिकची बायको एमिली चहा घेऊन आली, तिची नजर फोटोवर गेली आणि ती ट्रे घेऊन तशीच मागे फिरली. म्हणजे हिलाही माहीत होतं.

"कुणाचा आहे रे?" डेरिकने विचारून पाहिलं.

"डेरिक, पुरे."

डेरिक पाय लांब करून खुर्चीत बसला. "गुरुवार होता तो. आठवतंय? मला शुक्रवारी वाळूत जायचंच होतं. तू एक्सल पेटीत पुरलास आणि मी दोन तासांत काढायला लावला. चूक माझी."

"काढला मी."

"मी डोकं खाल्लं म्हणून काढलास."

"सव्वीस वर्षांत एकदाच लवकर काढला," कॅस्मिरचा आवाज फाटला. "आणि तुझ्यासाठी! नऊ वर्षं तू माझ्याशेजारी बसून मान डोलावतोयस. मी ते वाक्य म्हणतो आणि तू म्हणतोस, खरंय. एकदा तरी तोंडावर सांगायचं होतंस!"

"कधी सांगणार होतो? त्याच महिन्यात गॅरेजवाले तुला फोरमन करत होते. मी हॉस्पिटलात पडलोय, तू कालवण घेऊन आलास. तेव्हा सांगितलं असतं तर तू परत वेल्डिंगचा टॉर्च हातात धरला असतास का?" डेरिकने गुडघा चोळला. "मग वर्ष गेलं. मग दोन गेली. मग कसं सांगायचं तेच कळेना."

कॅस्मिरला रडू फुटलं. त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. एमिली आतून पाणी घेऊन आली आणि या वेळी तिथेच बसली.

दोन दिवसांनी अस्मी वर्कशॉपमध्ये आली. मुझम्मिलच्या यार्डातून दुसरा, धडधाकट एक्सल आणलेला होता. मोजून, खुणा करून बाकावर ठेवला होता, पण टॉर्च अजून पेटला नव्हता. कोपऱ्यात वाळूच्या पेटीशेजारी एक लंगडा माणूस पाय पसरून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटीपासून लांब हाकत होता.

"सो? तुमचं वेल्डिंग परत येत नाही ना, अंकल?" अस्मीने चिडवलं.

"एक आलंय," कॅस्मिर म्हणाला. "नऊ वर्षं, दर सुट्टीला, माझ्याच टेबलावर जेवायला येतंय. मला दिसलं नाही."

ती हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. कॅस्मिरने तिला सगळं सांगितलं. गुरुवार, दोन तास, भेग, पाय. काही गाळलं नाही. कोपऱ्यातल्या माणसाकडे बोट करून नावही सांगितलं.

"आता तू ठरव. ताकदीचा एक्सल तुला मिळालाय. जोडायचा माझ्याकडून की दुसऱ्याकडून, ते सांग. मला राग येणार नाही."

अस्मीने क्रॉस ठोकायचा पंच उचलून पाहिला आणि परत बाकावर ठेवला. मग तिने पेटीतली मूठभर वाळू उचलली, कोरडी आहे का ते बोटांनी चोळून पाहिलं.

"वन डे लागतो ना?"

"पुरा एक दिवस."

"टेक टू डेज, अंकल," ती म्हणाली आणि डेरिककडे वळली. "आणि मी मध्येच फोन केला तर उचलू नका."