आधी उत्तर, मग शाल

परवा सालेकशात एक सत्कार भर मंडपात अडून बसला...

आदिवासी मुलांसाठी झटणाऱ्यांचा गौरव होता, प्रमुख वक्ता मी. सत्कार होता फुलवंताबाई उईके यांचा. जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, त्या अंगणवाडी चालवतात.

मोहफुलांच्या दिवसांत तिथले आईबाप अंधारातच फुलं वेचायला रानात जातात. घरी कोणी नसतं, म्हणून लेकरंही सोबत... आणि त्याच फुलांवर अस्वलं येतात. गेल्या वर्षी एका चिमुरडीला अस्वलानं ओरबाडलं. तेव्हापासून बाई पहाटेच अंगणवाडी उघडतात. लेकरं आत झोपतात, उठली की पेज पितात.

यंदा खात्याचा तोंडी हुकूम आला : दहाच्या आधी कुलूप काढायचं नाही. तो हुकूम देणारे साहेबच परवा शाल घेऊन उभे होते!

बाईंनी मान पुढे केलीच नाही. "शाल राहू द्या जी. पहाटे अंगणवाडी उघडू का नाही, थे सांगा."

"बाई, नियमात बसत नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. आन् रानात काही झालं, तर कोनाची?"

खालून एक म्हातारी ओरडली, "अस्वलाले सांगा ना जी, दहा वाजता येजो म्हणून!"

मंडप हसला. साहेब हसले नाहीत. आयोजक माझ्या कानाशी लागले, "भाईसाब, आप भाषण शुरू करो... बात संभल जाएगी."

भाषण मला किती प्रिय, हे तुम्ही जाणताच. पण बाईंचा प्रश्न बुजवायला माझा आवाज? मी माइक घेतला आणि म्हणालो, "आधी साहेबांचं उत्तर, मग मी." आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

खाली एक आई उठली, कडेवर लेकरू. मग दुसरी... मग सगळ्याच. कोणी घोषणा दिली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

साहेबांनी शालीची घडी या हातातून त्या हातात केली. "ठीक आहे. मोहफुलं संपेपर्यंत उघडा. लेखी देतो."

"उद्यापासून?"

"उद्यापासून."

तेव्हा कुठे बाईंनी शाल घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "आता बोला भाऊ. पण लवकर आटपा, मले पहाटे उठाचं आहे!"

मित्रांनो, तुमच्या गावात असा सत्कार ठेवाल, तेव्हा हार आणण्याआधी त्या माणसाला विचारा : तुमचं काम कोण अडवतंय? आणि मग त्याच्या बाजूला उभे राहा.

फुलवंताबाई, तुमच्या शेजारी उभं राहायला मिळालं... तुमच्याच गोंडी नमस्कारानं, जय सेवा!