हाड मोडलं नव्हतं, म्हणून

"हाड मोडलेलं नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाले, आणि तिथंच माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

घोटा नारळाएवढा सुजलेला, पाऊल जांभळं पडलेलं, टेकवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हा माणूस एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणतो, हाड ठीक आहे. नसेल मोडलं तर मग हे काय? मी काय गंमत म्हणून रडतेय?

त्यांनी सांगितलं ते शब्द तुमच्याही कानावर कधीतरी येतील, म्हणून लिहिते. ग्रेड टू स्प्रेन. म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या अंगाला जे लिगामेंट असतं, दोन हाडांना एकमेकांशी धरून ठेवणारा चिवट पट्टा, तो अर्धामुर्धा फाटलाय. आपण मराठीत पाय मुरगळला म्हणतो, इथले लोक मोच आली म्हणतात. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, ही क्रेप पट्टी बांधा, आणि सूज उतरली की हलवायला लागा.

प्लास्टर नाही. इंजेक्शनसुद्धा नाही. माझा मुलगा सुहास बरोबर होता, तो डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मला वाटलं, हे दोघं काहीतरी लपवताहेत. इतक्या सुजलेल्या पायाला नुसती पट्टी कोण बांधतं?

झालं होतं एवढंच की विहारातून वंदना करून परत येताना आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीत ऑटोतून उतरले आणि पाय नाल्यावरच्या फरशीच्या कडेवर पडला. पाऊल आत वळलं. कट असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. म्हणून तर डॉक्टर खोटं बोलताहेत असं वाटलं.

डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक विचारलं. "अम्मा, कितवा मजला? लिफ्ट आहे? घरी कोण असतं?"

मी सांगितलं, दुसरा मजला, लिफ्ट नाही, एकटीच. सुहासनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली वळवली. ती नजर मी मनात जपून ठेवली. ह्यांच्या माघारी सुहास मला दिलसुखनगरला त्याच्याकडे न्यायला बघतोय. सून चांगली आहे, नात गोड आहे, पण ते घर त्यांचं. माझं घर हे. नांदेडहून ह्यांची बदली झाली तेव्हापासून ह्याच दोन खोल्यांत मी राहिले. ह्याच भिंतींशी बोलत आले. पाय मुरगळला म्हणून घर सोडायचं?

शेजारच्या शहनाज आपांनी माझा पाय बघितला आणि म्हणाल्या, "डाक्टरां को क्या मालूम बहन, मलकपेठ में पहलवान है, हाथ लगाया तो मोच भागती." पहलवान म्हणजे इथला हाडवैद्य. मला तेच ऐकायचं होतं. सुहासला न सांगता आम्ही दोघी गेलो. पहलवानानं एक्स-रे आहे का विचारलं, मी खोटंच नाही म्हणाले. त्यानं अंडं आणि कसलीशी पूड लावून, बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलं. वर सांगितलं, "चार-पाँच दिन में आना अम्मा, खोलता मैं."

मी गेलेच नाही. तो खोटं बोलला नाही, चूक माझीच. इतकं छान बांधलंय, दुखतही नाही, मग उघडायचं कशाला? प्लास्टरसारखं वाटत होतं, म्हणून आतून बरं होतंय असं धरून चालले. जितके जास्त दिवस राहील तितकं पक्कं होईल, हा माझा हिशेब. खायच्या-प्यायच्या भानगडीत आठवडे कसे गेले कळलं नाही. सुहास यायचा तेव्हा साडीचा काठ पायावर ओढून बसायची.

शेवटी वासच यायला लागला म्हणून एका सकाळी मी स्वतःच ते कापून काढलं. आतून पाय निघाला तो माझा नव्हताच. पिंढरी सुकलेली, घोटा लाकडासारखा ताठ. तरी सूज नव्हती, म्हणून खुशीत स्वयंपाकघरात गेले, वरच्या फळीवरच्या डब्यासाठी टाचा उचलल्या आणि सपाट फरशीवर, कशालाही न अडखळता, तोच पाय पुन्हा वळला. ओट्याला धरून खाली बसले आणि सुहासला फोन केला. दुसरा इलाज नव्हता.

तो आला. कामट्या बघितल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "आई, आता बस झालं. तू आमच्याकडे चल." मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडे.

डॉक्टरही रागावले नाहीत. म्हणाले, "लिगामेंट भरत आलंय, पण पाय विसरलाय." मग प्रोप्रिओसेप्शन हा शब्द सांगितला. बोलताना जीभच मुरगळते. अर्थ सोपा आहे. डोळे मिटले तरी आपलं पाऊल कुठं आहे, कसं टेकलंय, हे शरीराला आतून कळतं, ते कळणं. बांधून ठेवलेल्या पायाचं ते कळणं बोथट होतं, म्हणून तो सपाट जमिनीवरही दगा देतो. औषध नाही, व्यायाम. आणि त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

श्रावणी तिचं नाव, वरंगलकडची पोरगी, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अम्मा, एक पैर पे खडे रहो."

शाळेत गणित चुकलं की मास्तर हीच शिक्षा करायचे. मी भिंतीशी उभी राहिले आणि दोन श्वासांत डगमगले. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. झालं, मला कळून चुकलं. हा व्यायाम नाही, परीक्षा आहे. म्हातारी एकटी राहू शकते का, हे सुहासला कळवायचंय.

त्या दिवसापासून मी दुखलं तरी सांगेनाशी झाले. ती विचारायची, "नोप्पी है?" म्हणजे दुखतंय का. मी म्हणायची, नाही. रबराची पट्टी पावलाला अडकवून पाऊल बाहेर ढकलायचं, ते ती सांगेल त्याच्या दुप्पट करायची. खुर्चीला धरून टाचा उचलायच्या, तेही. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," ती म्हणायची. हळू, हळू. मी मनात म्हणायची, हळू केलं की तू नापास करशील.

एकच व्यायाम मी मनापासून करत होते. हवेत अंगठ्यानं अक्षरं काढायची. ती ए बी सी काढायला सांगायची, मी क ख ग काढायची. ज्ञ आणि ळ काढताना घोटा सगळीकडून फिरतो, करून बघा.

बाकी अतीच केलं. एका दिवशी पाय पुन्हा सुजला. श्रावणीनं बोटानं दाबून बघितलं आणि रबराची पट्टी माझ्या पावलातून काढून घेतली. मग मीच फुटले. "सच बोल बेटा. मेरे बेटे ने तेरे को क्या बोला?"

तिनं हातातली पट्टी बाजूला ठेवली. "फोन आया था, अम्मा."

म्हणजे संशय खरा होता.

"सर बोले, अम्मा को बोलो सीढ़ी जिंदगीभर बंद. मैं बोली, झूठ कायकू बोलना? सीढ़ी बंद किए तो पैर और कमज़ोर होता. घर कौनसा, वो आप और अम्मा देख लो. मैं पैर देखती."

माझा संशय अर्धा बरोबर निघाला आणि अर्धा साफ चुकीचा. मुलाबद्दल खरा, ह्या पोरीबद्दल खोटा. आणि खोट्या अर्ध्यापायी मी माझाच घोटा पुन्हा सुजवून घेतला होता.

पुढच्या खेपेला मी सुहासला आत बोलावलं. त्याच्यासमोर विचारलं, "तू हिला फोन केला होतास?"

तो खाली बघत म्हणाला, "हो." मग म्हणाला, "तुझा फोन उचलायला उशीर झाला की माझं ऑफिसात लक्ष लागत नाही, आई. त्या दिवशी ओट्यापाशी खाली बसलेली दिसलीस ना, ते डोळ्यांपुढून जात नाही."

मी काही बोलायच्या आत श्रावणी त्याला म्हणाली, "सर, आप खडे रहो. एक पैर पे. आँखें बंद."

सुहास हसला, बूट काढले, डोळे मिटले, आणि धडकन भिंतीवर गेला. बँकेतला मॅनेजर माणूस.

"आता ह्याला कुणाच्या घरी ठेवायचं राहायला?" मी विचारलं.

तिघंही हसलो. हसता हसता त्याचे डोळे भरले, तो बूट घालायच्या निमित्तानं खाली वाकला.

मग बोलणी झाली, उघड उघड. मी माझ्या घरीच राहणार. जिन्याला भिंतीच्या बाजूनं दुसरा कठडा तो बसवून देणार, आणि मी नको म्हणायचं नाही. दुखलं तर श्रावणीला दुखलं म्हणायचं. ती जेवढं सांगेल तेवढंच करायचं. आधी जमिनीवर एका पायावर, मग घडी घातलेल्या चादरीवर, मग उशीवर, आणि शेजारी धरायला खुर्ची. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. त्यानंतर पाय खरोखर सुधारायला लागला. अजून विहारात खाली बसून पायावर बसायला जमत नाही, खुर्ची मागून घेते. जमेल, नाही जमलं तरी चालेल.

तुमच्यापैकी कुणाचा पाय मुरगळला तर मी एवढंच सांगेन. हाड मोडलं नाही हे ऐकून नाराज होऊ नका. घट्ट बांधलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. आणि मनात शंका आली तर ती डॉक्टरांना, पोरांना, तोंडावर विचारा. मी ती पोटात ठेवली, आणि तेवढे दिवस घोटा बिचारा खोळंबून राहिला. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. तिला खोटं बोलणं सोपं होतं.

रविवारी सुहास येतो आणि आम्ही भाजी आणायला खाली उतरतो. तो माझ्या एक पायरी पुढे असतो. मागे वळून बघत नाही, निवांत असल्याचं नाटक करत चालतो. पण त्याचा एक हात कठड्यावर जरा मागे, माझ्या हाताच्या जवळ असतो. तो हात तिथं का, हे मात्र मी त्याला विचारत नाही.